अंगावर काढलेले दुखणे
द्वितीय वर्ष, बी. ए.

‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार आपण सर्वांनी शाळेत अभ्यासला आहे. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नात तो हमखास येई आणि मी त्याचे गुण सहज मिळवीत असे. तो वाक्प्रचार आमच्याच खोलीत राहावयास आला आहे, हे मात्र मला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला येईपर्यंत कळले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय आहे स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मागे उरणारी वेदना. असा विषय वार्षिकाच्या पानांवर शोभतो काय, असे काही वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. परंतु ज्यांची परवानगी घ्यावयास हवी ती माझी आई. ती म्हणाली, “लिही. माझं नाव नको घालू, बाकी सगळं लिही.”

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहतो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळी. तळमजला धरून चार मजले, एका चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास मजल्याचा मिळून सामाईक. पुनर्विकासात काही चाळी पाडल्या गेल्या आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. आमचा क्रम अजून यावयाचा आहे. आजी, आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी अशी पाच माणसे त्या खोलीत आहोत. इतक्या लहान जागेत कोणाचे काही लपून राहत नाही असा माझा समज होता.

२०२२ च्या पावसाळ्यात आईचे ऑपरेशन झाले. उजवा स्तन आणि त्या बाजूच्या काखेतील गाठी काढल्या. पुढे किमोथेरपी झाली, मग किरणोपचार झाले, ज्यांना आमच्याकडे नुसते ‘लाइट’ म्हणतात. वर्षभरात आई पुन्हा पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटावयास जाऊ लागली. चाळीतील बायका म्हणत, “सुटलीस बाई एकदाची.” आम्हीही तेच समजलो.

२०२५ च्या सुरुवातीची गोष्ट. दोरीवरचे कपडे घड्या घालताना माझ्या लक्षात आले की आईच्या एका ब्लाउजची उजवी बाही उसवली आहे. शिवून ठेवावी म्हणून सुईदोरा घेतला, तर दुसऱ्याचीही तशीच. एकूण पाच ब्लाउज, पाचांचीही उजव्या बाहीची शिवण काखेपर्यंत नीट कात्रीने उसवलेली. डावी बाही मात्र शाबूत. विचारले तेव्हा आई म्हणाली, “काही नाही गं, दुखतं जरा. कापड लागलं की नको होतं.” किती दिवसांपासून? “ऑपरेशनपासून.”

अडीच वर्षे ती हे दुखणे अंगावर काढीत होती. कोणाला न सांगण्याचे कारण मी खोदून विचारले, तेव्हा दोन उत्तरे मिळाली. पहिले, “आजार परत आला असं कोणी म्हणेल, म्हणून भीती वाटायची.” दुसरे उत्तर तिने बऱ्याच वेळाने दिले. “माझ्यानं लाटणं होत नाही म्हटलं असतं तर तू कॉलेज सोडून कामाला लागली असतीस.” ती चूक बोलत नव्हती. मी तेच केले असते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच.

त्या दिवसापासून मी या विषयावर जमेल तसे वाचू लागले. विज्ञानाची विद्यार्थिनी नसल्यामुळे अडखळत वाचले. त्यातून जे समजले ते मित्रमैत्रिणींपुढे मांडीत आहे.

शस्त्रक्रियेचा इतिहास

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया हा उपाय जुना आहे. बेशुद्धीचे औषध युरोपात प्रचारात येण्यापूर्वी, ३० सप्टेंबर १८११ रोजी, फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेवर पॅरिसमध्ये ही शस्त्रक्रिया झाली. ती पूर्ण शुद्धीवर होती. पुढे तिने बहिणीला पत्र लिहून सारी हकीकत कळविली, परंतु ते पत्र पुरे करावयास तिला काही महिने लागले आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धैर्य झाले नाही, असे तिनेच त्यात नमूद केले आहे. ती १८४० पर्यंत जगली. शब्द हाच जिचा व्यवसाय, तिलाही आपली वेदना कागदावर आणणे इतके कठीण गेले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी १८८० च्या दशकात स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी असे सर्व एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. १८९४ साली त्यांचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढे सुमारे पाऊणशे वर्षे जगभर हीच पद्धत प्रमाण मानली गेली. जितके जास्त कापावे तितका रोग दूर, अशी त्यामागील समजूत होती. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७० च्या दशकात हजारो स्त्रियांच्या सहकार्याने पद्धतशीर चाचण्या घेऊन ही समजूत तपासली. १९८१ आणि १९८५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाठ लहान असेल तर केवळ ती गाठ व भोवतालचा थोडा भाग काढून वर किरणोपचार दिले, तरी स्त्री तितकीच वर्षे जगते, असे दिसून आले. आता काखेतीलही सर्वच गाठी सरसकट न काढता, शक्य असेल तेथे आधी एकदोन गाठी तपासून पुढचा निर्णय घेतात.

आपल्या भागाला हा विषय दूरचा नाही. वरळीपासून जवळच, परळला, टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून रोगी तेथे येतात. त्यांपैकी अनेकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा मिळतो. मुंबईतील स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हा स्तनाचाच आहे. म्हणजे लालबाग, परळ, नायगाव, वरळी येथील कोणत्याही चाळीत अशी एखादी स्त्री असावयाचीच. ती बरी झालेली असते आणि म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

जखम भरली, मग दुखते काय?

जखम भरली की दुखणे थांबावे, असा आपला साधा हिशेब. काही वेदनांच्या बाबतीत तो चुकतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकात दीर्घकालीन वेदना म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या अशा वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले आहे. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. म्हणजे ज्या वर्षी आईला हे दुखणे लागले, त्याच वर्षी त्याला नोंदवहीत घर मिळाले.

छातीच्या बरगड्यांमधून निघून काखेतून दंडाच्या आतल्या बाजूच्या त्वचेकडे जाणारा एक मज्जातंतू आहे. त्याचे नाव इंटरकोस्टोब्रॅकियल. काखेतील गाठी काढताना तो नेमका वाटेत येतो. कधी तो कापावा लागतो, कधी ताणला जातो. त्याचा परिणाम चमत्कारिक असतो. दंडाची आतली बाजू बधिर होते आणि तेथेच आगही होते. बोट लावले तर कळत नाही, पण ब्लाउजची बाही घासली तर सहन होत नाही. हे कोणाला सांगितले तर खोटे वाटेल. आईलाही तसेच वाटत असे. “बधिर आहे म्हणावं आणि जळतंय म्हणावं, माणसं येडी म्हणतील.” वीजेची तार तुटली म्हणजे दिवा विझतो, परंतु तुटलेल्या टोकाशी ठिणग्याही उडतात, असा दृष्टान्त मी तिला दिला. तिला तो पटला.

याखेरीज इतरही कारणे आहेत. किरणोपचाराने त्वचा व खालचे भाग आखडतात. काखेतील गाठी गेल्यामुळे पाण्यासारखा द्रव साचून हात सुजतो, जड होतो. खांदा वापरला नाही तर आखडतो. काही स्त्रियांना तर काढून टाकलेल्या स्तनाच्या जागीच वेदना भासते, जशी पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायात भासते. आणि फार दिवस वेदनेचे निरोप वाहून वाहून मज्जासंस्था स्वतःच हळवी होते. मग क्षुल्लक स्पर्शालाही ती वेदना समजू लागते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी पाठीच्या कण्यात वेदनेच्या निरोपांना अडविणारे एक ‘दार’ असते, ही उपपत्ती मांडली. वेदना म्हणजे नुसती जखमेची घंटा नव्हे, वाटेत तिचे कमीजास्त होते, हे तेव्हापासून मानले जाऊ लागले.

अशा स्त्रिया किती, याचा एक मोठा अभ्यास डेन्मार्कमध्ये झाला आणि २००९ साली प्रसिद्ध झाला. २००५ व २००६ साली शस्त्रक्रिया झालेल्या ३,२५३ स्त्रियांनी प्रश्नावलीला उत्तरे दिली. त्यांपैकी १,५४३ जणींना, म्हणजे शेकडा ४७ जणींना, दोनतीन वर्षांनंतरही वेदना होत होती. त्यांतील शेकडा १३ जणींची वेदना तीव्र होती. वय कमी असणे, काखेतील गाठी काढलेल्या असणे आणि किरणोपचार घेतलेले असणे या गोष्टींशी वेदनेचा संबंध दिसला. त्याच स्त्रियांकडे पुन्हा चौकशी केली गेली, तेव्हा पाच ते सात वर्षांनंतरही शेकडा ३७ जणींना वेदना होतीच. परंतु मला सर्वांत जास्त विचार करावयास लावणारा आकडा निराळा आहे. ज्यांना वेदना होती त्यांपैकी मागील तीन महिन्यांत त्यासाठी डॉक्टरकडे गेलेल्या शेकडा सुमारे २० होत्या. डेन्मार्कसारख्या संपन्न देशात ही स्थिती. तेथेही बायका दुखणे अंगावरच काढतात.

‘किती दुखते?’ आणि ‘कसे दुखते?’

आईने कोणालाच सांगितले नव्हते असे म्हटले, त्यात थोडी दुरुस्ती केली पाहिजे. एकदा एका दवाखान्यात तिला विचारले गेले होते, “शून्य ते दहा धरलं तर किती दुखतं?” तिने सांगितले, दोन. साध्या वेदनाशामक गोळ्या मिळाल्या, त्यांनी उतार पडला नाही आणि विषय संपला. ‘दोन’ का सांगितलेस, असे मी विचारले. ती म्हणाली, “दहा म्हणजे बाळंतपण. तुझ्या वेळेला दीड दिवस अडले होते. त्याच्यापुढे हे दोनच.”

प्रश्न चूक नव्हता आणि उत्तरही खोटे नव्हते. पण आकडा सांगितला तरी दुखण्याची जात त्यातून कळत नाही. मज्जातंतूच्या वेदनेवरची औषधे निराळी असतात. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ती फारशी हटत नाही. म्हणून ‘किती’इतकाच ‘कसे’ हा प्रश्न महत्त्वाचा.

येथे भाषेच्या विद्यार्थ्यांनी कान टवकारावेत. वर उल्लेख केलेल्या मेलझॅक यांनी १९७५ साली मॅकगिल विद्यापीठातून एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात आकडे नव्हेत, तर विशेषणे आहेत. वेदनेचे वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत विभागलेले. रोग्याने आपल्या दुखण्याला लागू पडणारे शब्द निवडावयाचे. शब्दांवरून वेदनेची जात ओळखता येते, ही त्यामागील कल्पना. एका अर्थी तो शब्दकोशच.

हे वाचून मी एका रविवारी आजीजवळ बसले. आजी सातारकडची, शाळेचे तोंड न पाहिलेली. वही उघडून म्हटले, “दुखण्याचे जेवढे शब्द येतात तेवढे सांग.” आजीने आईकडे मान वळविली. “ठसठसतंय का चमक मारतीया? का नुसती आग हुतीया?”

अडीच वर्षांत आईला हा प्रश्न कोणी केला नव्हता. ती बोलू लागली, आणि मी लिहीत गेले. त्या वहीतील नोंदी अशा. ठणका म्हणजे खोल, न थांबणारे दुखणे. ठसठस म्हणजे गळवासारखे, नाडीच्या ठोक्याबरोबर दुखणे. चमक म्हणजे हालचाल करताना क्षणभर भरणारी. कळ म्हणजे लाटेसारखी येऊन जाणारी. तिडीक म्हणजे एका ठिकाणाहून निघून सरळ दुसरीकडे धावणारी. आग, जळजळ आणि चुरचुर या तिघी बहिणी, पण चुरचुर वरवरची आणि आग आतली. झिणझिण्या आणि मुंग्या बधिरपणाच्या सोबती. खुपणे बाहेरच्या वस्तूचे, सलणे आत रुतून राहिलेल्याचे. रग लागते ती श्रमाने. हात भरून येतो तो सुजेने. आवळणे म्हणजे करकचून पट्टा बांधल्यासारखे. वही संपेपर्यंत तीसएक शब्द झाले. कॉलेजच्या ग्रंथालयात दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. परंतु माझ्या दृष्टीने त्या दिवशी आजी हाच शब्दकोश होता.

मग आईला लागू पडणारे तेवढेच शब्द निवडून मी एक चिठ्ठी तयार केली. दंडाच्या आत आग आणि मुंग्या, रोज, रात्री जास्त. कापड लागले की चुरचुर. काखेतून कोपरापर्यंत तिडीक, दिवसातून चारपाच वेळा. छातीवर पट्टा आवळल्यासारखे, थंडीत जास्त. संध्याकाळी हात भरून येतो. हात खांद्याच्या वर जात नाही, दोरीवर कपडे घालता येत नाहीत. पोळ्या पन्नासच्या पुढे लाटवत नाहीत.

चिठ्ठी घेऊन आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे वाचली, दंडावर कापूस फिरवून कोठे कळते आणि कोठे नाही हे पाहिले, आणि प्रथम आजार परत आलेला नाही ना याची तपासणी करून घेतली. हा क्रम महत्त्वाचा आहे. नवी किंवा वाढत जाणारी वेदना आधी तपासूनच घेतली पाहिजे. तपासणी स्वच्छ निघाली. त्या संध्याकाळी आई पोटभर जेवली. अडीच वर्षांची एक भीती त्या दिवशी संपली, आणि ती वेदनेहून लहान नव्हती.

नंतर औषध सुरू झाले. अशा वेदनेसाठी अॅमिट्रिप्टिलीन, गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन यांसारखी औषधे कमी मात्रेपासून देतात. त्यांनी गुंगी येऊ शकते, म्हणून ती स्वतःच्या मनाने घ्यावयाची नसतात आणि एकदम बंदही करावयाची नसतात. सोबत व्यायाम सांगितले. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंतीवर चढत जावयाचे, जेथवर हात जाईल तेथवर. पाच माणसांच्या खोलीत रिकामी भिंत म्हणजे कपाट आणि दार यांच्यामधली हातभर जागा. तेथे आई रोज सकाळी पाणी भरून झाले की उभी राहते. भाऊ पेन्सिलीने खूण करतो. वर्षभरात खूण जवळजवळ वीतभर वर सरकली आहे. पाण्याच्या कळश्या आता बाबा आणि भाऊ उचलतात. आग पूर्ण गेलेली नाही. रात्री झोप लागते, तिडीक क्वचित येते, आणि पोळ्या पुन्हा लाटल्या जातात, मध्ये विसावा घेऊन. बाह्या मात्र उसवलेल्याच आहेत. मी त्या सैल करून शिवून दिल्या आहेत.

तात्पर्य

‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ ही म्हण खरी आहे, पण अर्धी. ज्याचे जळते त्याने सांगितले आणि दुसऱ्याने ऐकले, तर दुसऱ्यालाही थोडे कळते. वेदनेच्या अभ्यासासाठी १९७३ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपांत म्हटले आहे की, वेदना हा नेहमी ज्याचा त्याचा अनुभव असतो आणि माणूस वेदना होते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. त्याच टिपांत असेही आहे की, सांगता आले नाही म्हणून वेदना नाही असे ठरत नाही. ऑड्री लॉर्ड या अमेरिकन कवयित्रीने स्वतःच्या स्तनाच्या कर्करोगावर १९८० साली पुस्तक प्रसिद्ध केले, तेही या बाबतीतल्या मौनाविरुद्धच. आमच्या चाळीत ‘स्तन’ हा शब्दही उच्चारला जात नाही. ‘छातीचं ऑपरेशन’ असे म्हणतात. ज्या अवयवाचे नाव घ्यावयाची चोरी, त्याचे दुखणे कोण सांगणार?

सोशिक स्त्रीचे आपल्याकडे फार कौतुक होते. मीही निबंधांत ते केले आहे. आता करणार नाही. आईच्या सोशिकपणाने तिची अडीच वर्षांची झोप गेली आणि कोणाचाच फायदा झाला नाही. माझे कॉलेज तिच्या गप्प राहण्यामुळे नव्हे, तर तिच्या बोलण्यामुळे चालू राहिले आहे, कारण उपचार झाल्यावरच तिचा हात पुन्हा कामाला लागला.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. नुसते शब्द शिकून काय उपयोग, असे आपल्याला घरीदारी ऐकावे लागते. माझे उत्तर ती चिठ्ठी आहे. तिच्यात एकही अवघड शब्द नव्हता, आणि एकही शब्द माझा नव्हता. माझे काम विचारण्याचे आणि लिहून घेण्याचे. आपल्या घरी, शेजारी कोणी अशी बरी झालेली स्त्री असेल, तर तिला ‘बरी आहेस ना?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते. ‘कसं दुखतं? कुठे, केव्हा? त्याच्यामुळे कोणतं काम अडतं?’ असे विचारावे, आणि उत्तर तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.

हा लेख आईला वाचून दाखविला. ती म्हणाली, “चुरचुर राहिली का गं त्यात?” राहिलेली नव्हती. तरी मी पुन्हा एकदा पाहून घेतले.